जलाशयातील मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची मोठी होडी : आकार आणि इंजिन कसे ठरवावे

पिशोरजवळचा अंजना-पळशी मध्यम प्रकल्प असो, कन्नड तालुक्यातलाच शिवना-टाकळी असो की पैठणचा नाथसागर, आपल्याकडच्या जलाशयांत आजही बरीच मासेमारी थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून होते. एकट्या माणसाला काठालगत जाळे लावायला ते कसेबसे पुरते. पण संस्थेने तलावाचा ठेका घेतला, कटला-रोहूचे बीज सोडले, पिंजऱ्यातील मत्स्यपालन सुरू केले, की रोज खाद्य, जाळी, माणसे आणि माशांचे क्रेट यांची ने-आण करावी लागते. तिथे तराफा कमी पडतो आणि होडीची चर्चा सुरू होते. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यापासून ही चर्चा शेतीच्या बैठकांतही ऐकू येते. मी पीकशास्त्राचा माणूस, तरी धरणाकाठच्या गावात कपाशी-मक्याची बैठक संपली की कोणीतरी विचारतोच, "साहेब, अठरा फुटी ॲल्युमिनियमची घ्यावी म्हणतो. इंजिन पंधराचं टाकावं की पंचविसाचं?"

प्रश्न उलट्या टोकाने सुरू होतो. रोटाव्हेटर किती फुटी आणि जमीन कशी, हे न पाहता आपण ट्रॅक्टरचा एचपी ठरवत नाही. होडीतही आधी पाणी, मग ओझे, मग होडी आणि सर्वांत शेवटी इंजिन. हा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात, आणि पाण्यावर नुसते पैसेच जातात असेही नाही.

आधी पाणी पाहा

मध्यम प्रकल्पाच्या तलावात एका काठावरून दुसऱ्या काठाला दोन-तीन किलोमीटरच्या आत पोहोचता येते. नाथसागर वेगळा आहे. तो पूर्ण भरला की लांबी सुमारे ५५ किलोमीटर आणि रुंदी काही ठिकाणी २७ किलोमीटरपर्यंत जाते. लाट किती उंच उठणार हे वाऱ्याच्या जोराइतकेच वाऱ्यासमोर किती लांब उघडे पाणी आहे यावर ठरते. तोच वारा छोट्या तलावात फक्त तरंग उठवतो आणि नाथसागरात होडीच्या काठावरून पाणी आत टाकतो.

मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्याचा विचार वेगळा करावा. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात कुगाव (ता. करमाळा) ते कळाशी (ता. इंदापूर) दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती होडी मासेमारीची नव्हती, पण वारा तोच आणि वेळही तीच, म्हणजे आपण संध्याकाळी जाळी टाकायला निघतो ती. ढग भरून आले तर निघू नये हा पहिला नियम. तरीही मध्येच अडकलो तर होडी तगली पाहिजे, म्हणून पुढचा सगळा हिशेब.

पाणी उतरते तेव्हाचा तलावही एकदा चालत फिरून पाहावा. बुडालेले बांध, जुन्या विहिरींचे कठडे, बाभळीचे खुंट हे सगळे उन्हाळ्यात उघडे पडतात. त्यांच्या जागा लक्षात ठेवणारा माणूस होडीवर असेल तर पावसाळ्यानंतर इंजिनाचा पंखा वाचतो.

ओझ्याची बेरीज कागदावर मांडा

समजा मध्यम प्रकल्पासाठी १६ फूट लांब, साडेचार फूट रुंद, सपाट तळाची होडी विचारात आहे. तीन मिलिमीटर पत्र्याची अशी होडी आतल्या आडपट्ट्या आणि बाकांसह साधारण १४५ किलो भरेल. तीन माणसांचे २१० किलो धरा. ओली जाळी ८० किलो. सुकी जाळी उचलून अंदाज बांधणारे इथेच फसतात, कारण पाणी प्यायलेली जाळी फार जड होतात. चांगल्या दिवशीचे मासे १५० किलो, बर्फ आणि क्रेट ४०, इंजिन ४०, इंधनाची टाकी १२, वल्ही-नांगर-दोर-जॅकेट मिळून २०. एकूण बेरीज सातशे किलोच्या जवळ जाते. मासे कमी मिळाले तर हलके जाईल असे म्हणू नये, कारण होडी चांगल्या दिवसासाठीच घ्यायची असते.

किती माणसे बसवावीत याचा एक सोपा ठोकताळा अमेरिकेत वीस फुटांच्या आतील होड्यांसाठी वापरतात. लांबी गुणिले रुंदी (दोन्ही फुटांत) भागिले १५. आपल्या उदाहरणात ७२ भागिले १५ म्हणजे ४.८, अर्थात चार माणसे. हा आकडा शांत पाण्याचा आहे आणि त्यात जाळी व माशांचे ओझे धरलेले नाही. म्हणून मासेमारीसाठी तीनच माणसे धरावीत.

एचपीचा खरा हिशेब

होडी दोन प्रकारे चालते. एक, पाण्यात बसून पाणी बाजूला सारत. दोन, वेग वाढल्यावर पुढचा भाग उचलून पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत. मधला प्रकार नाही, मधली फक्त अडचण आहे.

पहिल्या प्रकारात वेगाला होडीच्या लांबीने घातलेली मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि साडेचारने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येते. १६ फुटी होडीची पाण्यातली लांबी १५ फूट, म्हणजे सुमारे ४.६ मीटर धरली तर मर्यादा ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास येते. तेवढ्यासाठी टनामागे दोन ते चार एचपी पुरतात. सातशे किलोला दोन-तीन एचपी. समोरून वारा असेल तर दुप्पट, म्हणजे सहा. आपली समुद्रसपाटीपासूनची उंची आणि उन्हाळ्यातली गरम हवा यामुळेही ताकद थोडी घटते. उंचीचा तोटा हजार फुटांमागे साधारण तीन टक्के. हे सगळे धरून या होडीला आठ एचपीचे इंजिन पुरेसे, फार तर ९.९ चे.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे पाण्यावर उचलून चालायला, २५ किलोमागे साधारण एक एचपी लागतो. सातशे किलोला २८ एचपी. आता त्याच अमेरिकी नियमांतली दुसरी मर्यादा पाहा. मागे बसून हातदांड्याने इंजिन वळवायचे असेल आणि तळ सपाट असेल, तर लांबी-रुंदीच्या गुणाकाराची निम्मी करून १५ वजा करतात. ७२ चे निम्मे ३६, वजा १५ म्हणजे २१, आणि पाचच्या पुढच्या पटीत २५. म्हणजे भरलेली ही होडी पाण्यावर उचलायला जेवढे इंजिन लागते, तेवढे तिच्यावर बसवणेच सुरक्षित नाही.

मग पंधराचे घेतले तर? नेमकी हीच चूक सर्वांत जास्त होते. भरलेली होडी पंधरात उचलली जात नाही. थ्रॉटल पूर्ण दिला की मागचा भाग खाली बसतो, पुढचे टोक आभाळाकडे जाते, चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही आणि मागून उठलेली लाट पाटीवरून आत येऊ पाहते. वेग आठ एचपीपेक्षा जेमतेम वाढतो. पेट्रोल मात्र पूर्ण थ्रॉटलला एचपीमागे तासाला सुमारे एक तृतीयांश लिटर, म्हणजे तासाला पाच लिटर जाते. पंधराचे इंजिन वाईट नाही. दोन माणसे आणि हलके सामान घेऊन हलक्या होडीत ते छान पळते. पण आपण पळायला जात नाही, ओझे आणायला जातो.

तीन किलोमीटरच्या तलावात घाईने किती वाचते तेही पाहा. ताशी साडेनऊने १९ मिनिटे, ताशी तीसने सहा. तेरा मिनिटांसाठी मोठे इंजिन घ्यायचे का, हे संस्थेच्या बैठकीत उघडपणे ठरवावे.

नाथसागरात मात्र उत्तर बदलू शकते. तिथे जाळ्यापर्यंत पंधरा किलोमीटर जायचे असेल तर संथ होडीला दीड तासाहून जास्त लागतो आणि परतीत उन्हाने माशाचा दर्जा घसरतो. त्यासाठी २० फूट लांब, सहा फूट रुंद, पुढून व्ही आकाराच्या तळाची होडी लागेल. तिचे भरलेले वजन बाराशे किलोपर्यंत जाते. संथ चालवायला दहा एचपी पुरतात, पण लाट आणि वाऱ्यासाठी पंधरा ते वीसचे इंजिन ठेवावे. इथे वीस एचपी वेगासाठी नाहीत, वादळात काठाला लागण्यासाठी आहेत. पूर्ण ओझ्यासह पाण्यावर उचलून पळवायची तर ४५-५० एचपी, स्टिअरिंग आणि त्याला साजेशी मजबूत मागची पाटी हवी. उचलून पळणारी होडी कमी वेळात पोहोचत असल्याने किलोमीटरमागचा इंधन खर्च वाटतो तितका जास्त येत नाही. खरा भार खरेदीच्या किमतीचा आणि दुरुस्तीचा असतो. तो माशांच्या उलाढालीतून निघणार का, हे हंगामाच्या हिशेबाने तपासावे.

नाथसागराचा बराच भाग जायकवाडी पक्षी अभयारण्यात येतो. तिथे इंजिनाची होडी न्यायची तर खरेदीच्या आधीच वन विभागाकडे विचारणा करावी.

मोठी म्हणजे लांब नव्हे

मोठी होडी म्हटले की लोक लांबी वाढवतात. मासेमारीत जास्त उपयोग रुंदीचा आणि काठाच्या उंचीचा होतो. जाळे ओढताना दोन माणसे एकाच बाजूला वाकतात, त्यात भरलेले जाळे बाहेरून खाली खेचते. अरुंद होडी तेव्हाच कलंडते. पूर्ण ओझे भरल्यावर पाण्याच्या वर किमान एक फूट काठ उरला पाहिजे, नाथसागरासारख्या पाण्यात दीड फूट. मागच्या पाटीची उंची विशेष पाहावी, कारण इंजिन बसवायला तिथेच काठ कापून खाली घेतलेला असतो आणि पाणी तिथूनच आत येते.

सपाट तळ उथळ पाण्यात, गाळात आणि काठाला लावताना सोयीचा. उभे राहून काम करता येते. पण लाटेवर तो आपटतो. व्ही तळ लाट कापतो, पण जागेवर उभा असताना जास्त डुलतो आणि त्याला खोल पाणी लागते. मध्यम प्रकल्पाला सपाट तळ, थोडे उचललेले पुढचे टोक, हे बहुतेक वेळा योग्य.

पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्यावी. कमरेएवढ्या पाण्यात होडी लावा, ओझ्याइतकी पोती भरा आणि दोन माणसांना एका काठाशी उभे करा. काठ पाण्याला टेकायला आला तर ती होडी आपल्या कामाची नाही. विकणारा नको म्हणाला तर तेही उत्तरच समजावे.

पत्रा आणि जोड

ॲल्युमिनियमचा मोठा फायदा वजनाचा. लोखंडाच्या तुलनेत त्याच जाडीचा पत्रा एक तृतीयांश वजनाचा असतो, आणि लाकडासारखे कुजणे किंवा दरवर्षी डांबर लावणे नाही. पण बाजारातला कुठलाही ॲल्युमिनियम पत्रा चालत नाही. छपराचा किंवा भांड्यांचा पत्रा मऊ असतो. होडीसाठी मॅग्नेशियम मिसळलेला ५०५२ किंवा ५०८३ या क्रमांकाचा पत्रा हवा. बिलावर आणि कोटेशनवर हा क्रमांक आणि जाडी लिहून घ्यावी. १४ फुटांपर्यंतच्या हलक्या होडीला दोन ते अडीच मिलिमीटर चालतो, १६ ते १८ फुटांना तीन, त्याहून मोठीला तळाशी चार.

जोड दोन प्रकारचे. रिव्हेटची होडी हलकी आणि स्वस्त, पण खडकावर घासून आणि इंजिनाच्या थरथरीने काही वर्षांत रिव्हेट ढिले होऊन पाणी झिरपते. वेल्डिंगची होडी महाग, पण मुरमाड काठाला टिकते. मात्र तिची दुरुस्ती गावच्या साध्या वेल्डिंग मशीनने होत नाही. आर्गॉन वायूचे वेल्डिंग लागते. छत्रपती संभाजीनगरला वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक परिसरात ते करणारे कारागीर मिळतात. म्हणून होडी टेम्पोत चढेल असा आकार ठेवणेही व्यवहाराचे आहे.

आता माझ्या विषयातली एक गोष्ट. धरणापलीकडे शेत असणारे याच होडीतून खते-औषधे नेतात. ॲल्युमिनियमला मोरचूद विषासारखे आहे. मोरचुदाचे पाणी तळात साचले की तांबे पत्र्यावर बसते आणि त्या जागी बारीक खड्डे पडून आरपार भोक होते. बोर्डो मिश्रणात मोरचुदाबरोबर चुनाही असतो आणि तोही ॲल्युमिनियम खातो. म्युरेट ऑफ पोटॅशसारखी क्लोराइडयुक्त खते सांडली तरी तेच. अशा गोण्या न्यायच्याच असतील तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरा आणि परतल्यावर स्वच्छ पाण्याने होडी धुवा. तांब्या-पितळेच्या पट्ट्या, नळ किंवा नट-बोल्ट थेट पत्र्यावर बसवू नयेत. स्टीलचे बोल्ट वापरताना मध्ये रबर किंवा प्लॅस्टिकचा वॉशर घालावा.

इंजिन बसवताना

पाच एचपीचे शेतातले डिझेल इंजिन घरी पडून आहे, तेच लावू का, असे विचारणारे भेटतात. एचपीचा आकडा सारखा असला तरी ते इंजिन शंभर किलोच्या पुढे जाते, आउटबोर्ड त्याच्या निम्म्याहूनही कमी. मागे एवढे वजन टांगले की होडी मागे बसते. उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावात लांब दांड्याचे, हवेने थंड होणारे हलके इंजिन मात्र विचारात घेण्यासारखे आहे. त्याचा पंखा अडकला की उचलून मोकळा करता येतो.

आउटबोर्डचा दांडा होडीच्या पाटीशी जुळला पाहिजे. पाटी १५ इंची असेल तर आखूड दांडा, २० इंची असेल तर लांब. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा खातो, फार खाली गेली तर इंजिन पाणी ओढत बसते आणि खुंटाला लागते. ओझे वाहणाऱ्या होडीला कमी पिचचा पंखा मागावा. ट्रॅक्टर लो गिअरमध्ये नांगरतो, तसेच हे. पूर्ण ओझे आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचत नसतील तर पिच जास्त आहे.

बहुतेक आउटबोर्ड तलावाचेच पाणी खेचून थंड होते. सुरू केल्यावर बाजूने पाण्याची धार बाहेर पडते का ते रोज पाहावे. उन्हाळ्यात गाळ वर येतो तेव्हा ही धार बारीक होते. तसे झाले की लगेच बंद करावे. पिण्याच्या पाण्याच्या तलावात टू-स्ट्रोक टाळावे, कारण त्यातले तेल पाण्यात जाते. छोट्या तलावात काठालगतच्या कामासाठी बॅटरीवरची मोटर चालते. पण शंभर अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली तरी सव्वा युनिटपेक्षा कमी वीज देते, म्हणजे एक एचपीची मोटर दीड तासही धड चालत नाही. वाऱ्यातून परत येण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

इंजिनाला बंद करणारी लाल दोरी असते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची असते, इंजिनावर गुंडाळून ठेवायची नाही. माणूस पडला की इंजिन बंद पडते, नाहीतर रिकामी होडी गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. दोन वल्ही कायम सोबत असावीत.

बुडाली तरी तरंगली पाहिजे

थर्माकोलचा तराफा बुडत नाही, ही त्याची एक गोष्ट ॲल्युमिनियमपेक्षा चांगली आहे. ॲल्युमिनियमची होडी पाण्याने भरली की इंजिनासकट तळाला जाते. म्हणून बाकांच्या खाली पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम भरून घ्यावा. एक घनफूट फोम सुमारे २७ किलो उचलतो. आपल्या १६ फुटी होडीचे आणि इंजिनाचे पाण्यातले वजन १३० किलोच्या आसपास, शिवाय काठाला धरून लटकलेली तीन माणसे. किमान सात घनफूट फोम हवा, आणि तो दोन्ही बाजूंना वर, काठाजवळ असावा. तळाशी असेल तर भरलेली होडी पालथी होते. पैसे वाचवायला पहिली कात्री याच कामाला लागते. लागू देऊ नये.

लाइफ जॅकेट बाकाखाली नव्हे, अंगावर. पोहता येणाऱ्यालाही जाळ्यात पाय अडकला तर पोहता येत नाही.

अनुदान आणि कागद

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्यांच्या घटकांना सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी ६० टक्के अनुदानाचे सूत्र आहे. होडी-जाळ्यांचा घटक आपल्या तलावाला आणि आपल्या संस्थेला कसा लागू होतो, इंजिनाच्या होडीची नोंदणी कुठे करायची, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात आधी विचारावे. मंजुरी हातात येण्यापूर्वी खरेदी करू नये, बिल आधीचे निघाले तर प्रस्ताव अडकतो.

कोटेशन किमान तीन ठिकाणची घ्यावीत आणि प्रत्येकात या गोष्टी लिहून मागाव्यात: पत्र्याचा क्रमांक व जाडी, रिकाम्या होडीचे वजन, पाटीची उंची, फोम किती घनफूट व कुठे, बसवता येणारे जास्तीत जास्त इंजिन, आणि त्या इंजिनाचे सुटे भाग जवळ कुठल्या शहरात मिळतात. शेवटचा प्रश्न फोनवर स्वतः पडताळून पाहावा. पंख्याची पिन आणि पाण्याच्या पंपाचा रबरी भाग ऐन हंगामात मुंबईहून मागवावा लागला तर आठवडाभर होडी काठाला उभी राहते. म्हणून हे दोन्ही सुटे भाग इंजिनाबरोबरच घेऊन ठेवावेत.